बाभळीवरचं पाणी

चहा घ्या, निवून जाईल. माझ्यासाठी थांबू नका, मी नंतर घेईन.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आज सकाळी तुम्ही मला गाढवावर पाण्याचे डबे लादून उम्म शीहच्या डोंगराकडे जाताना पाहिलंत. दुपारी मी परतलो तेव्हा डबे तसेच भरलेले होते, हेही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. तुम्ही फ्रेजाला विचारलंत, तर ती उठून आत गेली. तिला दोष देऊ नका. ती माझी भाची आहे आणि या घरात तिच्यावर जे येऊन पडलंय ते माझ्यामुळे.

मी कैरोत आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, असं मुलांना बजावत आलो. म्हणून आधीच सांगून ठेवतो. यातलं किती मी पाहिलं आणि किती उन्हाने मला दाखवलं, याची मला खात्री नाही. तुम्हीच तोलून घ्या.

आमचा डोंगर लहान. सिनाईच्या नकाशावर तो नखाखाली झाकून जाईल. तांबडा कातळ, त्यातून वर गेलेले काळ्या दगडाचे पट्टे, आणि मध्ये एक अरुंद घळ. घळीच्या तोंडाशी एक जुनी बाभूळ आहे. डोंगरावर जाणारा माणूस जड सामान त्या बाभळीला टांगतो आणि हलका होऊन वर चढतो. टांगलेल्या गाठोड्याला कोणी हात लावत नाही. गाठोडं टांगलेलं आहे तोवर माणूस डोंगरावर आहे, म्हणजे जिवंत आहे, असं आम्ही मानतो. तो मेलाच, तर त्याच्या घरचं माणूस येऊन ते खाली काढतं. तहानलेल्याला मात्र टांगलेल्या चामडी मशकीतलं पाणी घेण्याची मुभा आहे. घेताना मालकाचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि तो उतरायच्या आत मशक भरून ठेवायची. नाव घेतलं तर ते उसनं. नाही घेतलं तर चोरी.

त्या बाभळीवर एक गाठोडं फार जुनं होतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, हमदाच्या, नवऱ्याचं. मुतलक त्याचं नाव. फ्रेजा पाळण्यात होती तेव्हा हमदाला खोकला धरला. काही केल्या जाईना. घळीच्या माथ्यावर एक पाझरती भिंत होती आणि तिच्यावर हंसराज उगवायचा. तुम्ही पाहिला असेल, काळ्या केसासारख्या देठाचं ते नाजूक नेचं. खोकल्यावर आम्ही त्याचा काढा देतो. मुतलक तो आणायला गेला. बाभळीला गाठोडं टांगलं, वर चढला, आणि उतरला नाही. माणसं शोधून शोधून दमली. हमदाने मात्र गाठोडं कोणाला काढू दिलं नाही. "तो वर आहे," एवढंच म्हणायची. पुढे पुढे त्या बाभळीखालून जाताना आम्ही सगळेच मान खाली घालायला शिकलो. तिच्या नवऱ्याच्या गाठोड्याकडे बघणं म्हणजे तिच्या तोंडावर काहीतरी बोलण्यासारखं वाटायचं.

भिंतीचा पाझर त्यानंतर आटला. हंसराज वाळून गेला. शेवटची काळी मुळं मीच खरवडून कागदात ठेवली होती.

गेल्या उन्हाळ्यात हमदाला पुन्हा खोकला धरला. वयही झालेलं. कधी शुद्धीवर असायची, कधी मला आमचे वडील समजायची. एका सकाळी फ्रेजा धावत माझ्या दारात आली.

"मामा, आई आलीय का तुमच्याकडे?"

"नाही गं. का?"

"अंथरूण रिकामं आहे. मशक घेऊन गेलीय. काल रात्री म्हणत होती, तो काही आणत नाही, आता मीच जाऊन हंसराज आणते."

"अगं, पण तिथे आता..."

"ते तिला कोण सांगणार? मी बकऱ्या सोडून निघू की तुम्ही निघता? आणि वाटेत झाडांची लॅटिन नावं आठवत बसू नका. ऊन बघा आजचं."

मी गाढव घेऊन निघालो. तुम्हाला खरं सांगू, मला तेव्हा भुताखेताची नाही, माझ्या गुडघ्यांची भीती वाटत होती. आणि तिला काही झालं तर फ्रेजाला काय सांगायचं, याची. आईच्या मागे हमदानेच मला वाढवलं. मी कैरोला गेलो तेव्हा तिने घोंगड्या विणून विकल्या होत्या.

वारा दक्षिणेकडून येत होता. त्या वाऱ्यात आभाळ पिवळट होतं आणि सावल्या नाहीशा होतात. बाभळीशी पोचलो तेव्हा ती हलत होती, पण आवाज नव्हता. फांदीला दोन गाठोडी होती. दोन्ही हमदाच्या हातच्या विणीची, तांबडे-काळे पट्टे. दोन्हींना मशक बांधलेली.

हमदा पाणी इथेच ठेवून वर गेली होती! खोकणारी म्हातारी, या उन्हात, पाण्याशिवाय.

तिचं गाठोडं कोणतं, हे ठरवायला मी थांबलो होतो का? मी स्वतःला हे कितीदा विचारलंय. इतकी वर्षं उन्हात लोंबणाऱ्या घोंगडीच्या चिंध्या व्हायला हव्या होत्या, तिचा रंग उडायला हवा होता. तसं एकही गाठोडं दिसत नव्हतं. दोन्ही सारखीच. जास्त खाली लोंबणारं मला हाताशी आलं. मशक गार होती, बाहेरून ओली होती. तोंडाच्या गाठीत काहीतरी हिरवं खोचलेलं होतं. पुदिना असेल, असं वाटलं. मी रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणालो, "हमदा, तुझं पाणी घेतो, तुझ्याचसाठी घेतो." गाढव बाभळीला बांधलं, मशक खांद्याला अडकवली आणि घळीत शिरलो.

घळीत वारा शिरत नाही. दोन्ही बाजूंचा कातळ तापून भट्टीसारखा झाला होता. थोडं वर गेल्यावर रानदवण्याचा वास आला. उभ्या झाडाला एवढा वास येत नाही. पायाखाली चुरडला की येतो, आणि अशा उन्हात लगेच उडून जातो. मी वाकून पाहिलं. वाटेतलं झुडूप दबलेलं होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत एक एक काडी हळूहळू उभी राहत होती.

मला बरं वाटलं. हमदा जवळच आहे. मी हाक मारली. "हमदाऽऽ!"

हाका मारत मी चढत राहिलो.

पुढे रुईच्या जातीचं एक झुडूप आहे, त्याची फांदी मोडलेली होती. मोडल्या जागी पांढरा चीक ठिबकत होता. मी तिथे थबकलो. हमदा पहाटे निघालेली. हा चीक या उन्हात हां हां म्हणता सुकतो. हा ठिबकत होता... म्हणजे आत्ताच, माझ्या अगदी पुढे, कोणीतरी इथून गेलं होतं.

मी पुढे चाललो. रानदवण्याचा वास माझ्यापुढे तेवढ्याच अंतरावर राहिला. मी भरभर चाललो तरी तेवढाच, मी बसलो तरी तेवढाच. वर कपारींतून वबर शीळ घालू लागले. सशाएवढी ती जनावरं माणूस दिसला की एकमेकांना इशारा देतात. पण ती माझ्या डोक्यावर ओरडत नव्हती. शीळ पुढच्या वळणावर व्हायची, मग त्याच्या पुढच्या, मग आणखी वर. कोणीतरी चढत होतं आणि शिट्या त्याच्याबरोबर चढत होत्या. मी त्या वळणावर पोचलो की सगळं चिडीचूप. माझ्यासाठी एकानेही शीळ घातली नाही. जणू मी तिथे नव्हतोच.

परत फिरावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? दोनदा तर वळलोसुद्धा. पण खांद्यावरची मशक आठवण करून देत होती. हमदा वर बसलेली असेल, तिच्या घशाला कोरड पडली असेल. मी स्वतःशीच झाडांची नावं घेत चढलो. फ्रेजाने ज्यासाठी टोमणा मारला होता, नेमकं तेच.

हमदा माथ्यावर भिंतीच्या पायथ्याशी बसली होती. भिंत कोरडी ठणठणीत. पाझराच्या जागी पांढरे डाग. तिचे ओठ फुटले होते, पाऊल मुरगळून सुजलं होतं. मला पाहून ती हसली.

"आलास का मास्तर? किती रे वेळ लावलास."

"पाणी खाली ठेवून कोणी चढतं का, हमदा?"

"जड होतं. आणि तो आहे ना इथे, मग पाण्याला काय तोटा?"

मी गाठ सोडायला घेतली. गाठीतलं ते हिरवं माझ्या हातात आलं आणि माझा हात तिथेच थांबला. काळा, केसासारखा देठ. पंख्यासारखी इवलीशी पानं. हंसराज. कापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब होता. हे नेचं ओलाव्यातून काढलं की हातातल्या हातात मिटतं. मी ते तापलेल्या घळीतून चढवून आणलं होतं आणि त्याचं एक पान मिटलं नव्हतं.

हमदाने ते माझ्या बोटांतून काढून घेतलं आणि तोंडात टाकलं. मग मशकीला तोंड लावून ती खूप वेळ प्यायली. प्यायल्यावर तिने मशकीच्या पोटावरून हात फिरवला. तिथे तांबड्या चामड्याचं एक ठिगळ होतं.

"हे ठिगळ मी लावलंय," ती म्हणाली. "आमच्या लग्नाच्या वर्षी."

"हमदा, ही मशक..."

"त्याचीच आहे. माझी नवी आहे रे, गेल्या वर्षी फ्रेजाने आणली ती. तुला एवढं शिकवून काय उपयोग?"

मी हळूच विचारलं, "तू घळीतून आलीस ना?"

"घळीतून? या वयात? मी बकऱ्यांच्या वाटेने आले, मागच्या अंगाने. घळीतून तोच जायचा."

मी वळून पाहिलं नाही. तिला धरून मागच्या वाटेने उतरवलं. कसं, ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की तिचा खोकला थांबला होता.

बाभळीशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. फ्रेजा तिथे येऊन थांबली होती. आईला पाहून ती रडली, मग आईला ओरडली, मग मला. हमदाला गाढवावर बसवता बसवता तिची नजर माझ्या खांद्याकडे गेली. मग फांदीकडे. फांदीवर दुसरं गाठोडं तसंच होतं आणि त्याची नवी मशक भरलेली, टम्म.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "ही बाबांची मशक आहे. तुम्ही घेताना नाव कोणाचं घेतलंत?"

"...हमदाचं."

आमच्यात पुढचं सांगायची गरज नसते. नाव न घेता घेतलेलं पाणी मालक शोधत येतो. आणि मी तर ज्याचं पाणी त्याचं नाव घेतलं नव्हतं, दुसरीचं नाव देऊन बसलो होतो. मालकाने विचारायला कोणाच्या दारात यायचं, ते मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

"आई, तुझं गाठोडं काढ," फ्रेजा घाईने म्हणाली. "तूच काढायला हवंस. मी गाढव फांदीखाली घेते. हात वर कर, काढ."

हमदा म्हणाली, "राहू दे. मला परत यायचंय."

"आई, वेडेपणा करू नकोस!"

"राहू दे म्हटलं ना."

तिच्याशिवाय ते कोणी काढू शकत नव्हतं. तिच्या जिवंतपणी काढणं म्हणजे तिला मेलेली म्हणणं. आम्ही ते तसंच सोडून आलो.

घरी आल्यावर हमदाचा खोकला पुरता गेला. पाय धरला होता, उठता येत नव्हतं, पण चेहरा शांत. फक्त तिने पाण्याला तोंड लावलं नाही. फ्रेजाने पेला ओठांशी धरला की मान फिरवायची. बकरीचं दूध दिलं, ते थुंकलं. सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर सलाइन लावून गेला. तो गेल्यावर तिने सुई काढून उशाशी नीट ठेवून दिली. जीभ लाकडासारखी झाली. डोळे खोल गेले.

"मामा, ती जाणार," फ्रेजा दारात उभी राहून म्हणाली. "तुम्ही उसनं केलंत, तुम्ही फेडा."

मी विहिरीवरून पाणी भरलं आणि बाभळीकडे गेलो. मुतलकची मशक काठोकाठ भरून त्याच्या गाठोड्याला बांधली. "मुतलक," मी म्हणालो, "तुझं पाणी मी घेतलं होतं. हमदाने नाही. मी, सुवैलमने." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. इतक्या वर्षांत मी त्याला नावाने हाक मारली नव्हती.

मग माझं लक्ष दुसऱ्या गाठोड्याकडे गेलं. हमदाची नवी मशक सपाट पडली होती. भोक नव्हतं, शिवण उसवलेली नव्हती. गाठ व्यवस्थित मारलेली, आणि गाठीत हंसराजाची ताजी डहाळी. कोणी मेंढपाळ प्यायला असेल, मी स्वतःला सांगितलं. तहानलेल्याला मुभा आहे. पण मेंढपाळाने हंसराज कुठून आणला असता? मी ती मशकही भरली. का भरली, ते माहीत नाही. रिकामी मशक पाहिली की आमचे हात आपोआप भरतात.

घरी आलो तर फ्रेजा दारातच बसली होती. आत जायला तयार नव्हती.

"आई पाणी प्यायली," ती म्हणाली.

"दिलंस? घेतलं तिने?"

"मी नाही दिलं. मी भाकरी भाजत होते. घोट घेतल्याचा आवाज आला म्हणून आत गेले..."

हमदा डोळे मिटून पडली होती. ओठ ओले. हनुवटीवरून थेंब ओघळून उशीत मुरत होता. पेला कोरडा होता, पालथा. मी वाकलो तर तिच्या श्वासाला ओल्या दगडाचा वास होता, आटायच्या आधी त्या भिंतीला यायचा तसा.

तेव्हापासून मी जातो. तिची मशक भरून आलो की ती पिते. एकदा तापाने पडलो आणि जाऊ शकलो नाही, तर तिची जीभ पुन्हा वाळली. फ्रेजा एकटी तिथे जायला धजत नाही, आणि मी तिला पाठवणारही नाही. भूत आहे की नाही, याचा विचार मी सोडून दिला. रात्री झोप लागत नाही ती एकाच काळजीने. माझे पाय थांबले की माझ्या बहिणीला पाणी कोण देणार? आत्ता ती आत झोपली आहे. तुम्हाला तिचा श्वास ऐकू येत असेल.

आज सकाळी तुम्ही मला पाहिलंत तेव्हा मी तिथेच चाललो होतो. चढ संपेपर्यंत तीनदा बसलो. बाभळीशी पोचलो तर हमदाची मशक भरलेली होती. काठोकाठ. इतकी, की गाठीतून पाणी झिरपून खालच्या वाळूत ओल धरली होती. मुतलकचीही भरलेली. दोन्ही गाठींत हंसराज. आसपास कोणाच्या पावलाची खूण नाही, फक्त रानदवण्याचा वास, चुरडल्यासारखा, अगदी जवळ. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. ओझं उतरल्यासारखं वाटलं. म्हणून डबे तसेच घेऊन परतलो.

हमदा जागी होती. तिला म्हणालो, "आज मशक भरलेलीच होती गं."

"मग? तू कशाला तडफडत जातोस?" ती म्हणाली. "आता तो भरतो. तू दमतोस म्हणून मीच सांगितलं त्याला. म्हटलं, सुवैलमचंही बघ. तो पोरका आहे, त्याला स्वतःचं काही सुचत नाही."

तिला सगळं असं बोलायची सवय आहे. मी हसून सोडून दिलं. दुपारचं जेवण झालं, ऊन उतरलं, तुम्ही आलात, फ्रेजाने चहा ठेवला. एवढा चढउतार करून आलेला माणूस मी, त्यात दिवसभर दक्षिणेचा वारा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मी या चहाच्या पेल्यांकडे बघतोय. तुमचा कधीच संपला. माझा तसाच आहे, वर साय धरलीय.

सकाळपासून मला तहान लागलेली नाही.